अर्धा टक्का गंधक

2020 साली मराठवाड्यातल्या शेतमालाच्या वाटेवर तीन महिन्यांच्या अंतराने दोन नियम आले. 1 जानेवारीला जगभरच्या जहाजांसाठी इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. 1 एप्रिलला भारतभर वाहनांच्या धुराचे बीएस-6 निकष लागू झाले आणि नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या पंपांवर मिळणाऱ्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत दहा भागांहून जास्त गंधक चालेनासा झाला. जहाजाचा अर्धा टक्का त्याच मापाने मोजला तर दहा लाखांत पाच हजार भाग होतो. ट्रकपेक्षा पाचशे पट. आणि तो कडक नियम म्हणून गाजला, कारण आदल्या रात्रीपर्यंत पस्तीस हजार भाग कायदेशीर होते.

ट्रकवाल्याला यात काही निवड नव्हती. रिफायनरीतूनच तसे डिझेल येते, पंपावर दुसरे मिळतच नाही. जहाजाच्या मालकाला मात्र दोन्ही तेले विकत मिळत होती. जास्त गंधकाचे स्वस्त आणि कमी गंधकाचे महाग अशी दोन तेले समोर असताना, किनाऱ्यापासून हजार मैलांवर, जिथे ना पोलीस ना प्रदूषण मंडळ, तिथे हजारो जहाजांनी महाग तेल का जाळले?

डोंगरकड्याच्या शेतकऱ्याचा या प्रश्नाशी संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. कळमनुरी तालुक्यातले हे गाव समुद्रापासून रस्त्याने पाचशे किलोमीटरहून अधिक दूर. पण इसापूर धरणाच्या कालव्यांनी भिजणारा, अर्धापूरला लागून असलेला हा भाग केळीचा, उसाचा आणि हळदीचा. या पट्ट्यातली निवडक केळी पेट्यांत भरून आखाती देशांकडे जातात. त्यासाठी रीफर कंटेनर लागतो, तेरा अंशांच्या आसपास थंडावा लागतो आणि शेवटी न्हावाशेव्याला उभे असलेले जहाज लागते. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण वीस टन केळी बसतात. त्या वीस टनांच्या भाड्यात जहाजाच्या इंधनाचा वाटा असतो. तो वाटा वाढला की निर्यातदार खरेदीचा भाव ठरवताना तो धरूनच बोलतो.

या इंधनाची कुळकथा फारशी सोज्वळ नाही. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जे काळे, दाट, चिकट उरते ते जहाजांना विकायचे, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला सर्वमान्य व्यवहार. माहुल-तुर्भ्याच्या रिफायनरी असोत की रॉटरडॅमच्या, तळाचा गाळ खपवायला जहाजासारखे गिऱ्हाईक नाही. थंड असताना हे तेल पंपातून वाहतसुद्धा नाही. आधी टाकीत तापवायचे, प्युरिफायरमधून पाणी आणि गाळ वेगळा करायचा, मग शंभर अंशांच्या वर नेऊन इंजिनात सोडायचे. त्यात कच्च्या तेलातला गंधकही एकवटलेला. 1973 च्या तेलसंकटानंतर इंधनाचे भाव भडकले तेव्हा तर स्वस्त तेलावर चालणारी मोठी, मंदगती डिझेल इंजिने हाच धंद्याचा कणा झाला.

जमिनीवरचा धूर आधी कायद्याच्या कचाट्यात सापडला. उत्तर युरोपातली जंगले आणि तळी आम्लवर्षेने खराब होऊ लागल्यावर कारखान्यांच्या धुराड्यांवर बंधने आली. समुद्रातली धुराडी तशीच राहिली. त्यांच्यासाठी 1997 साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या मार्पोल कराराला सहावे परिशिष्ट जोडले. ते अमलात यायला 19 मे 2005 उजाडला. त्यातली गंधकाची कमाल मर्यादा होती साडेचार टक्के. बाजारात विकल्या जाणाऱ्या जड तेलाची सरासरी तेव्हा तीन टक्क्यांच्या आतच होती, त्यामुळे बहुतेकांना काहीच करावे लागले नाही. असा नियम सगळेच आनंदाने पाळतात.

दात असलेला नियम आला तो 2008 मध्ये. त्याआधीच्या वर्षी अमेरिकी संशोधक जेम्स कॉर्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला होता की जहाजांच्या धुरातल्या सूक्ष्म कणांमुळे हृदय-फुप्फुसांच्या विकारांनी आणि फुप्फुसांच्या कर्करोगाने जगात दर वर्षी सुमारे साठ हजार माणसे अकाली मरतात. त्यातली बहुसंख्य युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांवरची. कारण उघड आहे; जहाजे महासागरात विखुरलेली असली तरी त्यांच्या वाटा बहुतेक किनाऱ्यालगत जातात. आयएमओने ठरवले, 2012 पासून साडेतीन टक्के, आणि पुरेसे इंधन मिळणार असेल तर 2020 पासून अर्धा टक्का. बाल्टिक, उत्तर समुद्र आणि पुढे उत्तर अमेरिकेचा किनारा अशा राखीव पट्ट्यांत तर 2015 पासून एक दशांश टक्का. भारत या परिशिष्टात 2011 च्या नोव्हेंबरमध्ये सामील झाला.

‘पुरेसे इंधन मिळणार असेल तर’ या अटीवर पुढची आठ वर्षे वाद झाला. 2016 मध्ये दोन अहवाल समोरासमोर आले. आयएमओने नेमलेल्या सल्लागारांच्या मते इंधन पुरेल. उद्योगाच्या बाजूने केलेला दुसरा अभ्यास म्हणत होता, मुळीच पुरणार नाही. त्याच वेळी फिनलंडने एक अभ्यास मांडला. नियम 2025 पर्यंत ढकलला तर पाच वर्षांत 5 लाख 70 हजार जादा अकाली मृत्यू होतील, असे त्यात होते. ऑक्टोबर 2016 मध्ये 2020 ही तारीख पक्की झाली.

इथपर्यंतची गोष्ट सरकारांची. कंपन्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती हाँगकाँगपासून सुरू होते.

हाँगकाँगच्या बंदरात 2011 च्या जानेवारीपासून डझनभराहून अधिक जहाज कंपन्यांनी आपणहून एक करार पाळायला सुरुवात केली. धक्क्याला लागल्यावर जड तेल बंद करायचे आणि अर्धा टक्का गंधकाचे इंधन जाळायचे. नाव होते ‘फेअर विंड्स चार्टर’. कायद्याने कोणी सांगितले नव्हते. खर्च स्वतःचा. पण करार दोन वर्षांचा होता आणि त्यामागे एक मागणी होती: आम्ही करतो, पण सरकारने हे सगळ्यांना सक्तीचे करावे, नाहीतर आम्हालाही हे कायम परवडणार नाही. सरकारने आधी बंदर शुल्कात सवलत दिली आणि 1 जुलै 2015 पासून कायदाच केला. व्यापाऱ्यांनी सरकारच्या दारी जाऊन ‘आमच्यावर नियम लावा’ म्हणणे हे रोज घडत नाही.

त्याच्या मुळाशी परोपकार फार नव्हता, आणि तसा आव आणायचीही गरज नाही. जहाजाचा धंदा भाड्याच्या बारीक फरकावर चालतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी 1919 मध्ये ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला पाठवून सिंदिया कंपनी उभी केली, तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने तिला नमवायला भाडी पाडण्याचेच हत्यार उपसले होते. भाडे थोडे खाली आणता येणारा टिकतो, न येणारा बाजूला होतो. शतकानंतरही गणित तेच. मोठे कंटेनर जहाज भर वेगात दिवसाला शंभर टनांहून जास्त तेल पिते. दोन तेलांत टनामागे तीनशे डॉलरचा फरक असेल तर फसवणाऱ्याचे दिवसाला तीस हजार डॉलर वाचतात. वीस दिवसांच्या फेरीत सहा लाख. एवढी बचत खिशात घालून तो भाडे कमी सांगू शकतो. प्रामाणिक कंपनीला धुराची चिंता असो वा नसो, या शेजाऱ्याची चिंता असतेच.

म्हणून 2014 मध्ये मर्स्क आणि वॉलेनियस विल्हेल्मसेनसारख्या कंपन्यांनी ‘ट्रायडेंट अलायन्स’ नावाची आघाडी काढली. तिचा कार्यक्रम एकच: गंधकाच्या नियमाची कडक अंमलबजावणी करा. नियम शिथिल करा असे नव्हे, आम्हाला सूट द्या असेही नव्हे. पकडा. युरोपातल्या काही देशांतला दंड एका फेरीत होणाऱ्या बचतीपेक्षा कमी होता आणि तपासणी तुरळक, हे त्यांचे गाऱ्हाणे होते.

पकडायचे कसे, हा मात्र खरा पेच. डेन्मार्कने 2015 मध्ये ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीवरच्या पुलावर यंत्र बसवले. खालून जाणाऱ्या जहाजाच्या धुरातले गंधक आणि कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण पाहून इंधन कसले ते कळते. हॅम्बुर्गजवळ एल्बेच्या काठी जर्मनांचे असेच यंत्र आहे, बेल्जियम विमानाने धूर हुंगतो. पण हे सगळे अरुंद खाडीत आणि किनाऱ्यालगत चालते. अरबी समुद्राच्या मध्यावर कुठला पूल?

इथे 2018 मध्ये जी युक्ती निघाली ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशारीची चाल म्हणायला हवी. जास्त गंधकाचे तेल जाळण्यावर बंदी होतीच. आता ते इंधन म्हणून टाकीत बाळगण्यावरही बंदी घातली गेली, 1 मार्च 2020 पासून. ज्यांच्या धुराड्यात स्क्रबर, म्हणजे धूर धुणारे यंत्र आहे, त्यांनाच सूट. समुद्रात काय जाळले हे सिद्ध करायची गरजच संपली. बंदरात जहाज लागले, सर्व्हेअर चढला, टाकीतला नमुना घेतला, झाले. या बंदीच्या मागणीच्या पत्रकावर जहाजमालकांच्या जागतिक संघटना आणि पर्यावरणवादी संस्था यांच्या सह्या एकत्र होत्या. एरवी ही दोन टोळकी एका टेबलावर चहाही घेत नाहीत.

बंकर, म्हणजे जहाजाचे इंधन, घेताना इंजिनरूममध्ये काय चालते ते पाहिले की हा धाक कसा काम करतो ते समजते. तेलाची बार्ज बाजूला लागते, होस जोडला जातो. जोडाच्या ठिकाणी एक बारीक नळी असते. बंकरिंग चालू असेपर्यंत तिच्यातून थेंब थेंब तेल एका भांड्यात पडत राहते. सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे तेल असे एकत्र आले की ते हलवून बाटल्यांत भरायचे. प्रत्येक बाटलीला सील, सीलवर नंबर, लेबलवर जहाजाचे नाव आणि पुरवठादाराच्या व जहाजाच्या प्रतिनिधीच्या सह्या. त्यातली एक बाटली ‘मार्पोल सॅम्पल’. ती किमान बारा महिने जपून ठेवायची. सोबत तेलाची पावती, तिच्यावर गंधकाचे प्रमाण लिहिलेले. ती तीन वर्षे ठेवायची. उद्या काही निघालेच तर पहिला प्रश्न चीफ इंजिनिअरला येतो. तो मालक नसतो, वाचलेल्या पैशांत त्याला वाटा नसतो; सही मात्र त्याची असते.

हा प्रश्न विचारणारी माणसे आपल्याकडेही आहेत. मुंबईत नौवहन महासंचालनालय आहे आणि त्याच्या हाताखालचा मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट परदेशी जहाजांवर चढून तपासणी करतो. हिंदी महासागराच्या काठच्या देशांनी 1998 मध्ये प्रिटोरियात सही केलेल्या तपासणी कराराचे सचिवालय तर गोव्यात आहे. एका बंदरात सापडलेला दोष तिथल्या नोंदीत जातो आणि पुढच्या बंदराचा सर्व्हेअर शिडी चढण्याआधीच तो वाचून ठेवतो. जहाज अडकवून ठेवणे, म्हणजे डिटेन्शन, हे दंडापेक्षा महाग पडते. उभ्या जहाजाचे भाडे बुडते, कंटेनरमधला माल खोळंबतो, धक्क्याची पाळी जाते.

तरीही फक्त सर्व्हेअरच्या भीतीने गोष्ट पूर्ण होत नाही. प्रत्येक मोठ्या जहाजाला हवा-प्रदूषण प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागते. ते ध्वजराष्ट्राच्या वतीने देणाऱ्या वर्गीकरण संस्था असतात, जशी 1975 मध्ये स्थापन झालेली आणि पवईत मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग. कागद गेला की विमा लंगडा पडतो. विमा नाही तर भाडेकरू माल देत नाही. भाडेकरू नाही तर बँकेचा हप्ता कुठून द्यायचा? 2019 च्या जूनमध्ये अकरा बँकांनी ‘पोसायडन प्रिन्सिपल्स’ या नावाखाली आपल्या कर्जातल्या जहाजांचे कार्बन उत्सर्जन मोजून जाहीर करायचे ठरवले. मालकाच्या धुराकडे आता सावकारही पाहू लागला.

आणि जहाजावरची माणसेही पाहतात. अमेरिकेच्या कायद्यात माहिती देणाऱ्या खलाशाला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम देण्याची तरतूद आहे. कॅरिबियन पट्ट्यात जादा गंधकाचे तेल जाळल्याबद्दल ‘ओशन प्रिन्सेस’ या तेलवाहू जहाजाच्या मालक-चालक कंपन्यांनी 2019 मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंड 30 लाख डॉलर. ज्या मालकाच्या हाताखाली वीस-बावीस माणसे एकाच इंजिनचा धूर पाहत असतात, त्याला गुपित परवडत नाही.

2019 चे शेवटचे तीन महिने जगभरच्या बंदरांत टाक्या धुण्यात गेले. वर्षानुवर्षे जड तेल भरलेल्या टाकीच्या बुडाला गाळ साचलेला असतो. त्यावर नवे तेल ओतले तर तेही नासते. म्हणून टाकी रिकामी करा, माणसे आत उतरवून गाळ खरवडा, मग नवे भरा. इंधन बदलण्यालाही तंत्र आहे. गरम जड तेलावरून पातळ तेलावर जाताना तापमान मिनिटाला दोन अंशांहून जास्त वेगाने उतरले तर फ्युएल पंप अडकतो आणि जहाज भर समुद्रात मुके होते. कॅलिफोर्नियाने 2009 मध्ये किनाऱ्यालगत हलक्या इंधनाची सक्ती केली तेव्हा जहाजांची इंजिने बंद पडण्याचे प्रकार वाढले होते. तो अनुभव इंजिनिअर विसरले नव्हते.

मर्स्कने या बदलाचा वार्षिक जादा खर्च दोन अब्ज डॉलरपर्यंत धरला होता, एमएससीनेही तेवढाच. तो गिऱ्हाइकाकडून वसूल करायची तयारी नियमाच्या आधी झाली होती. मर्स्कने 2018 मध्येच इंधन अधिभाराचे नवे सूत्र जाहीर केले. वर्षभरात इतर कंपन्यांनीही आपापल्या नावाने अधिभार लावले. नियम पाळण्याचे हे कारण फारसे बोलले जात नाही. खर्च सगळ्यांनाच पडला आणि सगळ्यांनीच तो पुढे ढकलला, की कोणत्याच जहाज कंपनीचे नुकसान होत नाही. खऱ्या अर्थाने ढकलला जातो तो साखळीच्या टोकाला, जिथे ढकलायला पुढे कोणी नसते. न्हावाशेव्याच्या भाडेपत्रकातला डॉलरचा आकडा अर्धापूर-डोंगरकडा भागातल्या बागेत येईपर्यंत क्विंटलमागच्या रुपयांत बदलतो, आणि त्या रुपयांवर ‘गंधक’ असे कुठेच लिहिलेले नसते.

जानेवारी 2020 च्या सुरुवातीला सिंगापुरात नवे तेल टनाला सातशे डॉलरच्या वर गेले. जुने चारशेच्या खाली. वीस ते पन्नास लाख डॉलर खर्चून स्क्रबर बसवणाऱ्यांना आपण लॉटरी जिंकलो असे वाटले असणार. स्क्रबर हा नियमाच्या मजकुरात बसणारा आणि त्याच्या हेतूशी भांडणारा प्रकार आहे. धुरातला गंधक धुऊन त्यातले बरेच आम्लपाणी समुद्रातच सोडायचे. सिंगापूर, फुजैरा आणि चीनच्या किनाऱ्याने अशा पाण्याला मनाई केली. मग महामारी आली. तेलाचे भाव कोसळले, दोन तेलांतला फरक काही आठवड्यांत पन्नास-साठ डॉलरवर आला आणि लॉटरीचे तिकीट निदान त्या वर्षापुरते कागद ठरले. ज्या संकटाची आठ वर्षे भीती दाखवली, तो इंधनाचा तुटवडाही पडला नाही. 2020 सालभरात नियमातले इंधन न मिळाल्याच्या तक्रारी आयएमओकडे आल्या फक्त 55. जहाजांमधून बाहेर पडणारा गंधक एका झटक्यात सुमारे 77 टक्क्यांनी घटला, असा संघटनेचा अंदाज आहे.

त्याचा एक अनपेक्षित परिणाम आकाशात दिसला. जहाजांच्या धुरातल्या गंधकामुळे समुद्रावर लांब पांढरे ढगांचे पट्टे तयार होत आणि ते सूर्यप्रकाश परतवत. 2020 नंतर उपग्रहांना हे पट्टे फार कमी दिसू लागले. हवा स्वच्छ झाली, पण तापमानवाढ झाकणारे एक विरळ पांघरूणही गेले. किती फरक पडला यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

आता तोच खेळ कार्बनवर सुरू आहे, आणि पत्ते तेच आहेत. 1 जानेवारी 2024 पासून युरोपीय संघाने आपल्या बंदरांशी संबंधित जहाजांच्या उत्सर्जनावर पैसे घ्यायला सुरुवात केली. 2024 च्या उत्सर्जनाच्या 40 टक्के, 2025 च्या 70 आणि 2026 च्या पूर्ण. त्याच जानेवारीपासून मोठ्या कंपन्यांच्या भाडेपत्रकात त्यासाठी वेगळी ओळ आली. आयएमओने एप्रिल 2025 मध्ये सगळ्या जगासाठी कार्बनच्या दराची चौकट 63 विरुद्ध 16 मतांनी मान्य केली. ऑक्टोबरमध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब व्हायचे होते, पण अमेरिकेने उघड विरोध केला, चौकटीच्या बाजूच्या देशांवर दबाव आणला आणि 57 विरुद्ध 49 मतांनी निर्णय एक वर्ष पुढे गेला. जहाजमालकांच्या जागतिक संघटनेने त्यावर आनंद नव्हे, निराशा व्यक्त केली. एकच जागतिक नियम नसेल तर युरोपचा वेगळा, दुसऱ्या कोणाचा आणखी वेगळा, अशा हिशेबांत माल न्यावा लागणार, हे त्यांना नको आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या कंटेनरवर ही ओळ आजही छापून येते. आखाताला जाणाऱ्या केळीच्या कंटेनरवर ती कधी येईल ते लंडनच्या पुढच्या मतदानावर अवलंबून आहे.